चऱ्होलीला इंजिन उघडायला गेलो तेव्हा

आमच्या मोठ्या मेहुण्यांनी बदरीकेदारचं प्रवासवर्णन लिहिलं आहे आणि धाकट्या साडूंनी काश्मीरचं. घरात मुंज-बारसं काही निघालं की पानं मांडेपर्यंत दोन्ही मोठ्याने वाचली जातात. दोन्हींत भरपूर बर्फ आहे. माझ्या प्रवासात बर्फ नाही, घोडा नाही, पाय घसरून दरीत जाता जाता वाचणंही नाही. मी पुण्याहून निघालो, चऱ्होलीला गेलो, तिथून चाकणला गेलो आणि घरी आलो. एवढं अंतर मेहुण्यांच्या घोड्याने न्याहारीआधी काटलं असतं.

"चऱ्होलीचं कोण वाचणार?" असं आमच्या घरातून आधीच विचारून झालं आहे. "तिथे माणसं सायकलवरून जातात."

जातात, कबूल. पण सोबत दहा मणांचं तेल-इंजिन घेऊन कोणी गेल्याचं ऐकिवात नाही. म्हणून लिहितो.

मी पुण्यातल्या एका तंत्रशाळेत यंत्रविषय शिकवतो. शिकवतो म्हणजे फळ्यावर. खडूने काढलेलं माझं इंजिन आजवर कधी बंद पडलेलं नाही. घरचा स्टोव्ह मी दुरुस्त केला की मात्र सौभाग्यवती शेजारच्या काकूंकडे चहा टाकून येतात. तर यंदा आमच्या खात्याने ठरवलं की विद्यार्थ्यांनी शहरात यायची वाट न बघता वर्गच खेड्यात न्यायचे. विहिरींवर मोटा जाऊन तेलाची इंजिनं येऊ लागली आहेत. इंजिन बिघडलं की पुण्याहून मिस्त्री येईपर्यंत मळा वाळतो. तेव्हा इंजिनवाल्या शेतकऱ्यालाच ते उघडायला, पुसायला, जोडायला शिकवायचं. दहा दिवस वर्ग, शेवटी चाकणला परीक्षा. ती नीट पार पडली तर त्या भागात आणखी गावी वर्ग मंजूर होणार. पहिल्या वर्गाला कोण जाणार, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा सगळे खाली बघत होते. मी तेवढा वर बघत होतो.

चिंचवड स्टेशन

इंजिन मालगाडीने आदल्या दिवशीच येऊन पडलं होतं. ते न्यायला भोसरीचा भिकू गाडीवान आला होता. पन्नाशीचा, सुकलेल्या अंगाचा आणि बोलायला कुणी मिळालं म्हणून खूश झालेला गृहस्थ. सहा हमालांनी इंजिन गाडीत चढवलं. मी सातवा होतो, पण माझं काम "सावकाश, सावकाश" म्हणायचं होतं.

"काय म्हनायचं ह्याला?" भिकूने विचारलं.

"तेलाचं इंजिन. विहिरीतलं पाणी उपसतं."

"बैलाबिगर?"

"बैलाशिवाय."

भिकूने आपल्या जोडीकडे बघितलं. "हळू बोला मास्तर, त्यांस्नी ऐकू जाईल. अजून भोसरी गाठायचीय."

पुण्याबाहेर पडून तासही झाला नाही तोच हवा वेगळी लागते. उजव्या हाताला पिंपरीकडे नव्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या. बांबूच्या परांच्या, चुन्याचे ढीग, डोक्यावर पाट्या घेऊन चढणारी बायामाणसं. निर्वासितांच्या बराकींसमोर एका माणसाने पिंप उलटं ठेवून त्यावर कापडाचं दुकान मांडलं होतं. डाव्या हाताला मात्र ज्वारी पुरुषभर उंच उभी होती आणि मचाणावरून एक बाई गोफण फिरवत होती. एकाच रस्त्याच्या दोन बाजू, पण मधे चाळीस वर्षांचं अंतर असावं असं वाटलं. भिकूची गाडी त्या दोहोंच्या मधून घुंगरं वाजवत चालली होती.

"मंग सोपान लोहारानं काय करायचं?" भिकूने अचानक विचारलं.

"कोण सोपान?"

"चऱ्होलीचा लोहार. मोटंची कडी, चाकाचा आस, नांगराचा फाळ, समदं त्याच्या हातचं. सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायचं आनि वरीसभर गावाचं लोखंड बगायचं. आता इंजनं आली, मोटा बसल्या. ऱ्हाता ऱ्हायलं इंजिन खोलायचं काम, तर ते बी तुमी कुनब्यांस्नीच शिकवनार."

खात्याने वर्गासाठी दिलेलं परिपत्रक मी पिशवीतून काढून चाळलं. त्यात सोपान नव्हता.

"त्याचा मेव्हना हाय की हितं," भिकूने चाबकाने परांच्यांकडे दाखवलं. "म्हनतोय, ये, पाट्या उचल. घन मारनारा मानूस पाट्या उचलायला निघालाय. सुगीपतोर थांबलाय निस्ता."

"सुगीपर्यंत कशाला?"

"तुमचा वर्ग बगायला," भिकू म्हणाला.

भोसरी मागे टाकून चऱ्होलीच्या वाटेला लागलो. गावाअलीकडे एक ओढा आहे. नकाशात तो नाही, पण भिकूच्या गाडीच्या उजव्या चाकाला तो बरोबर सापडला. गाडी कलंडली. इंजिन माझ्या अंगावर आलं नाही. मी इंजिनावर गेलो, एवढीच काय ती दैवाची कृपा. "यंत्राला काही झालं नाही," असं मी छातीठोकपणे सांगितलं. यंत्र लाकडी खोक्यात होतं आणि मी खोकं उघडलेलं नव्हतं.

चऱ्होली, पहिले दिवस

इंद्रायणीकाठचं गाव. काळी जमीन, चिंचांची दाटी. वर्ग चावडीशेजारच्या धर्मशाळेत भरायचा होता. यजमान आप्पा. साठीचे, गावातलं पहिलं इंजिन त्यांच्याच विहिरीवर बसलेलं. मी नदीवर हातपाय धुऊन येईपर्यंत आमच्या इंजिनाला हळदकुंकू लागलं होतं, चाकाला झेंडूची माळ पडली होती आणि नळकांड्यावर कुणीतरी लिंबू बांधलं होतं. वीस वर्षं यंत्रं शिकवतो आहे, पण पुण्यात आम्ही इंजिनापुढे कधी उदबत्ती लावली नाही. फक्त देखभालीचा तक्ता लावतो. नंतर काय काय झालं ते पाहता लिंबू राहू दिलं हे बरंच झालं.

पहिल्या जेवणाला हुलग्याची तिखटजाळ शेंगोळी होती. आमच्याकडे पाहुण्याने "पुरे" म्हटलं की वाढणं थांबतं. इथे "पुरे" म्हणणं ही पाहुण्याची रीत आहे आणि ते न ऐकणं ही यजमानांची. तिसऱ्या वाढीला माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं तेव्हा आप्पा कौतुकाने म्हणाले, "मास्तरांना घरची आटवन आली." मी मान हलवली. बोलण्यासारखी जीभ राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला. आप्पा धरून बारा विद्यार्थी, सगळे इंजिनवाले किंवा इंजिन घेऊ घातलेले, सगळे चौथी पास, धुतलेली धोतरं नेसून वेळेवर हजर. मी दोन तास बोललो. असा वर्ग मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. कुणी जांभई दिली नाही. मग मी पाना उचलून पुढे बसलेल्या गेनूच्या हातात दिला. गेनू म्हणजे तिशीचा गडी, मनगट माझ्या पोटरीएवढं.

"उघडा हा नट."

गेनूने पाना दोन्ही हातांत धरला, उलटसुलट करून बघितला आणि शेजारच्याला दिला. शेजारच्याने पुढच्याला. असा अकरा जणांच्या हातांतून फिरून पाना शेवटी आप्पांकडे आला. आप्पांनी तो उपरण्याने पुसून माझ्यापुढे ठेवला.

"झ्याक हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, लाजतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं तेव्हा वाटलं, आळशी आहेत. मग मी काय केलं ते लिहायला नको होतं, पण लिहितो. त्या बारा शेतकऱ्यांना, जे पहाटे मळ्याला पाणी देऊन, गुरांचं करून वर्गाला आले होते, त्यांना मी श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर पाऊण तास व्याख्यान दिलं. हात काळे झाल्याने माणूस काळा होत नाही, असंही म्हणालो. बारा उन्हाने रापलेली डोकी माझ्या कोट-टोपीकडे बघत समजुतीने हलली.

शेवटी मीच पाना घेतला. उघडलं तर ओढ्याचा हिशेब समोर आला. झडप उघडणारी लोखंडी दांडी, म्हणजे आमच्या भाषेत पुश-रॉड, धनुष्यासारखी वाकली होती. दांडी तशीच घालून मी सगळं पुन्हा जोडलं. जोडून झाल्यावर एक नट शिल्लक राहिला. तो कुणी बघायच्या आत मी कोटाच्या खिशात टाकला. हँडल मारलं. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं.

"भिजलं आसंल," एक जण.

"दिष्ट लागली," दुसरा.

"लिंबू बदलून बगा, मास्तर," गेनू अगदी गंभीरपणे म्हणाला.

लोहाराचा भाता

पुण्याहून नवी दांडी यायची तर आठवडा मोडणार. लोहार हवा होता. मी आप्पांना म्हटलं, तेव्हा ते घुटमळले. "तुमीच बोलवा. आमी बोलवनं बरं दिसत न्हाई."

का बरं दिसत नाही, हे विचारायचं सोडून मी सरकारी नोकराला शोभेल असं केलं. चिठ्ठी लिहिली. 'उपरोक्त वर्गाच्या कामी आपली उपस्थिती आवश्यक असल्याने' वगैरे. गावचा कोतवाल चिठ्ठी देऊन आला. उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतःच गेलो.

लोहाराचं पाल धर्मशाळेपासून शंभर पावलांवर होतं. बाभळीखाली ऐरण, मातीची भट्टी, तिच्या बाजूला कातडी भाता. माझी चिठ्ठी भात्याच्या शिवणीवर खळीने चिकटवलेली होती. 'आवश्यक' हा शब्द तेवढा वाचता येत होता.

"चिट्टी कामाची निगाली," लोहारीण म्हणाली. तिचं नाव सरूबाई, आवाज खणखणीत. "भाता दोन दिस फुसफुसत हुता. कागद जाड हाय सरकारचा."

सोपान चाळिशीचा. रुंद खांदे, बोलणं थोडं. त्याने माझ्या हातातली दांडी घेतली, एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाकली आणि परत दिली.

"ह्ये काम माज्याकडं न्हाई," तो म्हणाला. "इंजिनाचं गावानं मला सांगितलं न्हाई. तुमाला सांगितलंय."

"अहो, पण वर्ग अडला आहे. विद्यार्थी पान्याला हात लावत नाहीत, आणि—"

"लावतील कसे?" सरूबाईंनी मला तोडलं. "हा जिता बसलाय हितं. ह्याच्या म्होरं गावातल्या लोखंडाला कोन हात लावंल? आज गेनूनं नट खोलला की उद्या सांगितल्यागत झालं, सोपाना, तुजं काम संपलं, जा पाट्या उचलाय. कोन सांगनार त्ये? ज्या खळ्यावर हा वरसानुवरसं उबा ऱ्हायला, त्या खळ्याचा धनी सांगनार? तुमी मातूर यकदम धीराचं. त्यांस्नी शिकवाय निगाला."

मी तिथेच एका दगडावर बसलो. दोन दिवस ज्याला मी आळस म्हणत होतो ती लाज होती. आणि ती दुसऱ्यासाठी बाळगलेली लाज होती. तिच्यावर मी पाऊण तास बोललो होतो.

"माझं चुकलं," मी म्हटलं. पुण्यात हे वाक्य मी सहसा घराबाहेर वापरत नाही. "पण ही दांडी सरळ व्हायला हवी. काय करू सांगा."

सोपानने कोळसे सारखे केले.

"बसा," तो म्हणाला. "भाता वढा."

ही तिथली रीत आहे. ज्याचं काम त्याने भाता ओढायचा. पाटील आला तरी पाटलाने. लोहार बसून लोखंड फिरवणार, हातातल्या लहान हातोडीने जिथे मारायचं तिथे टकटक करून दाखवणार, आणि काम घेऊन आलेला गडी घण घालणार. मी कोट काढला आणि भाता ओढू लागलो. भट्टीतून ज्वाळ निघायच्या ऐवजी माझ्या तोंडावर धूर आला. तोवर वर्गातले चौघे-पाच जण वास लागल्यासारखे जमले होते.

"मास्तर, गाय पिळताय व्हय?" गेनूने विचारलं.

"लांब दम घ्या. व्याख्यान देताना घेता तसा," आप्पा म्हणाले.

दांडी लाल झाली. सोपानने ती चिमट्याने ऐरणीवर धरली, हातोडीने एकदा टक केलं. कुणी काही न सांगता गेनूने घण उचलला होता. टक, धप. टक, धप. शब्द नाही, इशारा नाही. हातोडी जिथे टेकेल तिथे, तेवढ्याच जोराने घण. शेवटी टोकाला पाणी देऊन सोपानने दांडी पुन्हा डोळ्यासमोर धरली. सुताने आखावी तशी सरळ.

आणि काळ्या झालेल्या तोंडाने भात्याशी बसल्या बसल्या मला माझ्या वर्गाची किल्ली सापडली. हे बाराही जण मिसरूड फुटल्यापासून सोपानच्या, नाहीतर त्याच्या बापाच्या, हातोडीखाली काम करत आले होते. त्याच्यावाचून ते एक नट उघडणार नव्हते. तो टकटक करेल तर आगगाडीसुद्धा उघडली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गावातर्फे नारळ घेऊन सोपानकडे गेले. काय बोलणं झालं ठाऊक नाही. परतताना सोपान त्यांच्यामागून हातोडी घेऊन आला आणि इंजिनापाशी बसला. तिथे माझं स्टूल होतं. मी ते आपणहून सरकवलं.

मग मात्र काय सांगू! मी सोपानला सांगायचं, हे इथून सुटतं, ते तिथे बसतं. तो एकदा बघायचा आणि हातोडीचा दांडा नटावर टेकवायचा. टक. गेनू पाना लावायचा. टक. आप्पा वायसर उचलून ओळीत मांडायचे. तीन दिवसांत बाराही जणांच्या हातून इंजिन उघडून जोडून झालं. शिल्लक काही राहिलं नाही. खिशातला नट मी मुकाट्याने काढून दिला तेव्हा सोपानने तो बघितला, जागा बघितली, आणि कुणाला ऐकू जाणार नाही असा म्हणाला, "ठिवा मास्तर. म्या बसवतो." उलट माझीच परीक्षा सुरू झाली. हे एकच मळसूत्र उलटं का, तेल वर कसं चढतं, असं तो विचारायचा. निम्म्या प्रश्नांना मी "ते पुढच्या धड्यात" म्हणून टाळायचो. वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या वर्गात फळा कोरा होता आणि वर्ग चालला होता.

आठव्या दिवशी एक गोष्ट घडली. गेनूने टक व्हायच्या आत पाना लावला. त्याच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्यानेही तसंच केलं. सोपानच्या हातातली हातोडी अधांतरी राहिली, आणि मग त्याने ती मांडीवर ठेवली. बारा जण चांगले शिकले होते. म्हणजे दोन दिवसांनी त्याची गरज उरणार नव्हती.

त्या दुपारी मी पालावरून गेलो तर सरूबाई बांबूच्या टोपलीत चिमटे आणि सांडशा भरत होती.

"मेव्हन्याचा सांगावा आलाय," ती म्हणाली. यावेळी आवाज खणखणीत नव्हता. "चाकनची परीक्षा झाली की भिकूच्या गाडीत पिंपरी."

मी धर्मशाळेत येऊन परिपत्रक काढलं. 'विद्यार्थी चौथी उत्तीर्ण असावा.' सोपानला अक्षर येत नव्हतं. हजेरीपटात त्याचं नाव घालायला मला जागा नव्हती.

चाकण

आळंदीचा पूल ओलांडून चाकणच्या रस्त्याला लागलो. पुढे इंजिनाची गाडी, मागे आम्ही. वाटेत एका शेतात हुरडा भाजत होते, त्यांनी हाका मारून थांबवलं. आप्पा म्हणाले, परीक्षेला उपाशीपोटी जाऊ नये. हे माझ्या आईचंही मत होतं. गरम दाणे तळहातावर चोळून खाताना सगळे बोलत होते. सोपान तेवढा हातोडी पुसत होता.

चाकणचा बाजार म्हणजे कांदा. कांद्याचे डोंगर, कांद्याच्या पोत्यांवर निजलेली माणसं, हवेतच फोडणीची तयारी. बाजाराशेजारच्या मोकळ्या पटांगणात इंजिन उतरवलं. आजूबाजूच्या गावांतून बघे जमले. खात्याचे साहेब मोटारीतून आले. माणूस सरळ होता, पण कागदावर बोट ठेवून चालणारा.

"हे कोण?" त्यांनी इंजिनाशी बसलेल्या सोपानकडे बघून विचारलं.

"चऱ्होलीचे लोहार."

"हजेरीत आहेत?"

"नाहीत."

"मग बाजूला उभं राहू द्या."

सोपान उठला, हातोडी घेऊन पलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला. साहेबांनी गेनूला पुकारलं. "उघडा इंजिन."

गेनूने पाना उचलला. लिंबाकडे बघितलं. पाना खाली ठेवला.

दुसरा आला. तसंच. तिसरा. तसंच. बघ्यांत कुजबुज झाली. साहेब माझ्याकडे वळले. "दहा दिवस काय शिकवलंत? असं असेल तर हा वर्ग इथेच बंद झाला म्हणून मला लिहावं लागेल. पुढच्या गावांचा प्रश्नच नाही."

आप्पा पुढे झाले. "सायेब, येतंय आमाला. डोळं झाकून उघडू. पर त्यो तिकडं उबा, आनि आमी हितं उघडायचं, ह्ये न्हाई जमायचं."

"गेन्या!" लिंबाखालून सोपान ओरडला. दहा दिवसांत त्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "उघड की! मला काय बगतोस? गावाचा वर्ग जाईल."

"तू ये मंग."

"मला कुनी बोलिवलंय?"

"मंग मी बी न्हाई उघडत."

मी घाबरट माणूस आहे. साहेबांसमोर माझ्या तोंडून "होय"पेक्षा लांब शब्द निघत नाही. पण धर्मशाळेतल्या दहा दिवसांत वाचायला दुसरं काही नसल्याने ते परिपत्रक माझं पाठ झालं होतं, आणि आत्ता त्याचं दुसरं पान माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. विद्यार्थी चौथी उत्तीर्ण असावा. पण खाली सातव्या कलमात, 'शिक्षकाने आवश्यकतेनुसार स्थानिक अनुभवी कारागिरास सहशिक्षक म्हणून घ्यावे.' इयत्ता नाही. वाचता येण्याची अट नाही. शिक्षकाला अक्षर येतं की नाही, हे विचारायचं लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"साहेब," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "हजेरीत त्यांचं नाव नाही, कारण ते विद्यार्थी नाहीत. ते शिक्षक आहेत. कलम सात."

साहेबांनी परिपत्रक मागितलं. एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग करड्या आवाजात म्हणाले, "मग शिक्षकाला झाडाखाली कशाला उभं केलंत?"

कुणी केलं होतं, ते कुणीही सांगितलं नाही.

आप्पा स्वतः लिंबापर्यंत गेले. सोपान आला, बसला, हातोडीचा दांडा नटावर टेकवला. टक. गेनूचा पाना फिरला. एकामागून एक बाराही जण येऊन गेले. साहेब मधेच घड्याळ बघायचे विसरले. शेवटी सगळं जोडून सोपानने मान हलवली, गेनूने हँडल मारलं, आणि इंजिन असं काही धडधडलं की कांद्याच्या पोत्यांवरची माणसं उठून बसली.

"आणि आतलाच एखादा भाग मोडला तर?" साहेबांनी विद्यार्थ्यांना विचारलं. "पुण्याला धाडाल?"

"पुन्याला कशाला?" आप्पा म्हणाले. "खोलू-पुसू आमी. मोडलं-वाकलं त्यो बगंल. सायेब, तुमी हाय तंवर, चार गावं हाईत तंवर, बोलून टाकतो. मोटंचं बलुतं हुतं, तसं हितून म्होरं इंजिनाचं बलुतं सोपानचं. हाय का रं कबूल?"

अकरा जणांनी "हाय" म्हटलं. साहेबांनी वहीत पुढच्या दोन गावांची नावं लिहिली आणि दोन्हींपुढे सहशिक्षक म्हणून सोपानचं नाव टाकलं. भिकू जवळच बैलांना वैरण घालत होता. त्याला सोपान एवढंच म्हणाला, "मेव्हन्याला सांग, सवड न्हाई."

राहिली प्रशस्तिपत्रं. मी बारा कागदांवर झोकात सह्या केल्या. साहेब म्हणाले, दोन शिक्षक असतील तर दोघांची हवी. सोपान माझ्याकडे बघत राहिला. मी शाईची दौत पुढे केली. त्याने अंगठा पटक्याला पुसला, तरी वंगण गेलं नाही. शाई आणि वंगण मिळून एकेक ठसा असा उमटला की माझी सही त्याच्याशेजारी डासासारखी दिसत होती. खातं हे कागद मान्य करेल का, असं मी हळूच विचारलं. "ते माझ्यावर सोडा," साहेब म्हणाले.

कागद वाटले. आम्ही निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात गेनू गर्दीतून परत आला. त्याचं प्रशस्तिपत्र दुसऱ्याला चिकटून गेलं असावं, त्यावर सोपानचा ठसा उमटायचा राहिला होता.

"मास्तर, ह्याच्यावर निस्ती तुमची सही हाय."

"मग? मी शिकवलं नाही का?"

"शिकिवलं की," गेनू मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला. "पर गावात दाखवायचंय."

आणि मला ओलांडून त्याने तो कागद सोपानपुढे धरला.